आक्काचा उंबरा

सोमवार

सकाळी पूजा आटोपून, मेल्यावरही रक्त पिणाऱ्या सरदाराची ती जाडजूड कादंबरी पुन्हा उघडली. लेक क्लासला निघताना हसली, "अप्पा, तीनशे पानं झाली, भूत अजून आलं न्हाई?"

नाही आलं. पुस्तकातले सगळे जुनी दप्तरं चाळत त्याचं थडगं शोधतायत. आणि मी? भूकंपात थोरली बहीण आक्का गेली, तेव्हापासून आमच्या त्या पडलेल्या जुन्या गावात पाऊल टाकलं नाही.

जाऊन येतो म्हटलं, तर बायको म्हणाली, "तिन्हीसांजेला तिथं आक्का दिसत्यात म्हणं. जाऊ नका."

आपल्या ताटातली भाकरी मला देणारी आक्का कुणाचं रक्त पिणार? तीनशे पानांतल्या मेलेल्यांना भ्यावं, आपल्यांना का?

आज मुद्दाम तिन्हीसांजेलाच गेलो. ढिगाऱ्यात तिचा उंबरा शोधला, दिवा लावला आणि तो विझेपर्यंत तिथंच बसलो.