भोकाचे सहा पैसे

दुसरबीड,
पौष, शुक्रवार

प्रिय निवृत्ती,

वैनीचे तुला पोटभर आशीर्वाद. आधी आनंदाची बातमी सांगते, बाकीचं मग. आपली गाडी चालायला लागली. अशीतशी नाही, खामगावला कापूस टाकून चार खेपा झाल्या, येताना सरकीची ढेप भरून आली, आणि डायनाम्याचा पट्टा जसाच्या तसा. दिवे इतके लख्ख की काल समोरून येणारा बैलगाडीवाला दारापर्यंत शिव्या देत आला. मला त्या शिव्याही गोड लागल्या. एकवीस दिवस झाले आज. तुझे दादा सकाळी उठून आधी इंजिनाचं झाकण उघडतात, पट्टा पाहतात, मग तोंड धुतात. या वयात माणूस असा हसतो हे मी विसरलेच होते.

किनगावचा इंद्रभान सध्या रोजावर गाडी चालवतो. माणूस भला, पण चालवता चालवता भजन म्हणतो आणि भजनात रंगला की गियर टाकायचं विसरतो. आपल्या नातवाचा, गोपाळचा, हात त्याला नाही. गोपाळ तुझ्या मेहकरच्या दुकानात येऊन सात महिने झाले. जेवतो का नीट? त्याला कांदा चिरून देऊ नको, बुक्कीनं फोडून दे, तसाच खातो तो. शालू त्याचं नाव काढत नाही. नातसून गुणाची आहे, पण मेहकरची एस.टी. फाट्यावर थांबली की तिच्या हातातला विळा थांबतो, एवढं मला दिसतं.

वैशाखात गोपाळनं गाडीतून नेलेलं ते वऱ्हाड तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते. नवरदेव, करवल्या, वाजंत्री, सगळे गाडीत, आणि अर्ध्या वाटेत पट्टा तुटला. पंखा थांबला, पाणी उकळलं, इंजिनातून वाफ निघाली. नवरदेव कडब्याच्या बैलगाडीत बसून मांडवात पोचला तेव्हा मुहूर्त टळून गेला होता. पुढं महिनाभर गावातला हिंमतराव पारावर बसून गोपाळला विचारत होता, की आमच्या पोरीचं लग्न यंदा आहे, तुझी गाडी सांगितली तर पोचू का पुढल्या साली? लोक हसायचे. गोपाळही हसायचा, आणि घरी येऊन जेवायचा नाही. शेवटी दादाच भर अंगणात बोलले, "ज्याले पट्टा धड बसवता येत नाही, त्यानं गाडीले हात लावू नये." दुसऱ्या दिवशी पोरगं पिशवी घेऊन तुझ्याकडे निघून आलं. म्हणालं, धाकट्या आजोबांजवळ शिकतो. बावीस वर्षांचा बाप्या माणूस, लहानपणापासून त्याच गाडीच्या तेलात माखलेला, तो म्हणतो शिकतो.

आणि त्याआधी दर पंधरवड्याला आम्ही तुलाच बोलावत होतो, आठवतं ना? तू यायचास, नवा पट्टा चढवायचास, माझ्या हातची कळण्याची भाकर आणि भरीत खायचास. आठ दिवस गाडी चालायची, की पुन्हा तेच. जाताना तू म्हणायचास, "वैनी, ह्या गाडीले माह्याच हात समजते. पोट्ट्याच्या हातात ते नाही." मी दादांना जाऊन सांगायचे, निवृत्ती खरं बोलतो. मीच सांगायचे. संक्रांत झाली की गाडी तुला देऊन टाकायची हे त्यातूनच ठरलं.

आता गाडी कशी नीट झाली ते ऐक. वासराच्या कोठ्याचं दार ढिलं झालं होतं. बिजागरीला चामड्याचा तुकडा लागतो, चामडं कुठून आणू, म्हणून मी गाडीचे तुटके पट्टे काढले. मी काही फेकत नाही, तुला माहीत आहे. खुंटीला पाच पट्टे होते. मांडीवर घेऊन कापायला बसले आणि थांबले. पाचही पट्टे एकाच कडेनं खाल्लेले. दुसरी कड कोरी. तुटायचाच असता तर मधून तुटला असता, कुठूनही तुटला असता. एकाच कडेनं झिजतो म्हणजे तो वाकडा ओढला जातो. चरख्याची चात, सूत गुंडाळायची ती सळई, पुढंमागं झाली की तिला फिरवणारी दोरीची माळ अशीच एका अंगानं झिजते आणि उडते. तू बारा वर्षांचा होतास, माझा चरखा सगळा खोलून बसला होतास, आणि रडत होतास की आता वैनी मारेल. मी मारलं नाही. आपण दोघांनी तो जुळवला. चाकापासून चातीपर्यंत सूत ताणून सरळ आहे का ते कसं पाहायचं, हे मी तुला त्या दिवशी दाखवलं. तुझ्या हातात पहिल्यांदा लोखंड-लाकूड आलं ते तिथं.

मग काय, दादा सिंदखेडला गेलेले पाहून दुपारी मी आणि शालू गाडीजवळ गेलो. शालूनं इंजिनाच्या खालच्या पुलीला सुताचं टोक धरलं, मी वर डायनाम्याच्या पुलीपाशी ताणून धरलं. सूत टेकायला पाहिजे, टेकत नव्हतं. डायनामा जवारीच्या दाण्याएवढा मागं होता. एवढंसं अंतर. तेवढ्यासाठी इतके महिने घराची झोप गेली. मग शालूनं ब्रॅकेटचे दोन्ही बोल्ट काढले. पाना फिरवताना पोरीच्या बोटाचं साल निघालं, पण हटली नाही. ब्रॅकेट बाजूला झालं आणि खाली दोन्ही बोल्टांच्या जागी दोन गोल दिसले, रुपयासारखे चकचकीत. आजूबाजूला वर्षांचं तेल-माती जमलेलं आणि तेवढीच जागा स्वच्छ. तिथं ब्रॅकेटखाली वायसर होते, बोल्टात ओवायच्या लोखंडी चकत्या. चांगले जाड, खूप वर्षं बसलेले.

शालू म्हणाली, आजी, पडले असतील कुठं. पण वायसर बोल्टात ओवलेला असतो. बोल्ट अख्खा बाहेर काढल्याशिवाय तो पडत नाही, आणि बोल्ट तर पक्के आवळलेले होते. लढाईनंतर लिलावात घेतलेली ही मिलिटरीची गाडी, तिचा मूळ डायनामा जळाला तेव्हा दुसऱ्या गाडीचा डायनामा तू एकट्यानं बसवला होतास. तो मागं बसतो, त्याला पुढं घ्यायला वायसर लागतात, हे तुझ्याशिवाय कोणाला ठाऊक होतं? वाटणी झाली, तू मेहकरला निघालास, त्याच्या आदल्या दिवशी दुपारभर गाडीखाली होतास. मी तुला गूळ-पाणी आणून दिलं होतं. मी म्हटलं, पाहा, जाता जाता पोरगा भावाची गाडी नीट करून देतो. पहिला पट्टा तुटला तो त्यानंतरच.

आम्ही वायसर शोधत बसलो नाही. लोहाराकडे गेले असते तर गावभर झालं असतं. माझ्याजवळ जुने भोकाचे पैसे होते, गोपाळच्या लहानपणी त्याच्या करगोट्यात बांधायला ठेवलेले. नवे पैसे आल्यापासून कोणी घेत नाही ते. एका बोल्टाला तीन, दुसऱ्याला तीन. बोल्ट त्या भोकातून असा गेला जसा त्याच्यासाठीच पाडलेला. पुन्हा सूत धरलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत टेकलं. मी आणि शालू तिथंच मातीत बसून हसलो, बायका वेड्या झाल्या असं कोणालाही वाटलं असतं. दादांनी विचारलं, काय केलं? मी म्हटलं, सहा पैसे खर्च केले. त्यांना वाटलं मी थट्टा करते. त्यांना अजून काही सांगितलं नाही. वर म्हणतात कसे, गाडी चालती झाली तरी शब्द तो शब्द, निवृत्तीला दिली म्हणजे दिली, माझा भाऊ आहे तो.

तुझा राग मला समजतो रे. ती गाडी तू हातानं उभी केलीस, आणि वाटणीत ती दादांकडे राहिली. त्या दिवशी मी तोंड उघडायला पाहिजे होतं, उघडलं नाही. ती माझी चूक, मी मान्य करते. पण राग दादांवर होता, आणि मारलंस पोराला. तो तुला दैवत मानतो. तुझ्या दुकानात तुझी भांडी घासतो, पाने पुसतो, आणि समजतो की आपल्या हातातच खोट आहे. हे तू सात महिने रोज सकाळी पाहतोस. चार वर्षांचा तू, सासूबाई गेल्या तेव्हा माझ्या पदराची गाठ मुठीत धरून झोपायचास. ती मूठ सोडवून मला उठता यायचं नाही. कोणी तुला पोरका म्हटलं तर मी भांडायचे. आज पहिल्यांदा वाटलं, या घरात पोरकी मी झाले.

आता ऐक. हे पत्र इंद्रभाननं तुझ्या हातात दिलं असेल. गाडी तुझ्या दुकानासमोर उभी आहे. तू वाचून होईपर्यंत इंजिन बंद करू नको असं मी त्याला सांगितलंय. इंद्रभान दुपारच्या एस.टी.नं एकटा परत येणार आहे, गाडी आणायला त्याला मी मना केलंय. म्हणजे गाडी घरी आणायला दुसरं कोणी पाहिजे. गाडी पुढं कोणाची, ते तू आणि दादा बसून पाहा, मी मध्ये पडत नाही. मला पोरगं पाहिजे, आणि ते मान वर करून आलेलं पाहिजे. मी सांगितलं तर त्याला वाटेल आजी समजूत काढते. तुझ्या तोंडून त्याला खरं वाटेल. जा, त्याला बाहेर बोलाव, झाकण उघड आणि बोट ठेवून दाखव. मी आणि शालू फाट्यावर बसलो आहोत.

तुझीच,
रुखमावैनी