मेणाचा कान

लापा,
२६ एप्रिल १९८७

चि. झेफेरिनो यास,
देओलिंदाताईचे अ. उ. आ.

तुझं पत्र रविवारी जेवणानंतर सगळ्यांसमोर वाचलं. आईचं एकदा ऐकून भागत नाही, तुला ठाऊकच आहे. सारडीनचे काटे ताटात तसेच ठेवून तिनं मला पुन्हा पहिल्यापासून वाचायला लावलं. तिला अक्षरओळख नाही, पण दुसऱ्या वेळी मी एक ओळ गाळली तर लगेच पकडलं, की खोलीत पाणी गळतं ते कुठं गेलं म्हणून. आता तुझ्या खोलीतल्या गळतीची बातमी सगळ्या गल्लीला आहे. शिवाय बत्तीस वर्षांचा घोडा झाला तरी छप्पर बघायला बायको नाही, हेही तिनं सगळ्यांना ऐकवलं.

तिचं ऑगस्टच्या सणाचं आतापासूनच सुरू झालंय. मिरवणुकीत यंदाही अनवाणी चालणार, हातात नवसाचा मेणाचा कान. पाय सुजलेत म्हटलं, तर म्हणते मरियामातेनं माझ्या पोराचा कान परत दिला, मी तिला दोन पाय देऊ नको का? तू सहा वर्षांचा असताना तिला खोटंच सांगितलंस की आता ऐकू येतं, आणि ते तू, मी आणि तुझे दाजी असे तिघं अजून सांभाळतोय.

दाजी हल्ली घरात असून नसल्यासारखे. लापाच्या फुटबॉल संघाचे मदतनीस कोच झाले तेव्हा कोळ्यांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं. आता संघ हरत सुटल्यावर पाव आणायला गेले तरी लोक पाठ फिरवतात. आणि नशीब बघ, शेवटचा सामना नेमका तुमच्या ताव्हिराशी, आमच्याच मैदानावर. आम्ही जिंकलो तर पहिल्या डिव्हिजनमध्ये राहू, नाहीतर खाली. तुम्हाला म्हणे बरोबरीही पुरते. म्हणजे एकाच्या घरी सुतक ठरलेलंच.

एक विचारायचं राहिलं. मैदानात तू कसं निभावतोस रे? आता पूर्वीसारखे पाय नाहीत. मागून कोणी आलं तर तुला कसं कळतं, कोणी हाक देतं का? काळजी वाटते म्हणून विचारते. उत्तर नेहमीसारखं वेगळ्या चिठ्ठीवर लिही, वाचून चुलीत टाकीन.

आमच्यावरचा लोभ त्या सामन्यापुरता बाजूला ठेवलास तरी चालेल, नंतर मात्र आठवणीनं परत आण.

तुझी
ताई


ताव्हिरा,
५ मे १९८७

ती. आईस,
झेफेरिनोचा शि. सा. न. वि. वि.

इकडे आताच इतकं ऊन आहे की सरावानंतर आम्ही नळाखाली डोकं धरून बसतो. छप्पर दुरुस्त झालं, बायकोशिवाय झालं, हे ताईनं मोठ्यानं वाचावं.

एक चांगली बातमी. क्लबच्या अध्यक्षांनी परवा बोलावून घेतलं. संघ पहिल्या डिव्हिजनमध्ये राहिला तर आणखी दोन वर्षांचा करार, आणि त्यानंतर मुलांच्या संघाचा कोच. खाली गेला तर सगळ्यांनाच रामराम. आई, तेरा वर्षं मी दर उन्हाळ्यात बॅग भरून बसतो, कुठं पाठवतील ते कळायच्या आत. डोंगरातल्या त्या क्लबात उसना पाठवला होता तेव्हा बर्फात लाल चेंडूनं खेळलो, तुझ्या लोकरीच्या मोज्यांवर. आता एका जागी राहायला मिळेल. मग त्या बायकोचंही बघू.

सामन्याच्या आदल्या दिवशी लापात येतो, पण कोच हॉटेलाबाहेर सोडणार नाही. तुझ्या हातचं कोबीचं सार खिडकीतूनच दाखव. दाजींना सांग, त्या दिवशी मी कुणाचा मेहुणा नाही.

सर्वांना यथायोग्य. माझी आठवण काढत जा, मी तर काढतोच.

तुझा
झेफेरिनो

(फक्त ताईसाठी)

ताई, डावा कान तसाच, दगड. आठवतं, वाळूवर खेळताना दाजींनी मला बाजूला घेऊन डावीकडे उभं केलं होतं? म्हणाले, तुझ्या डाव्या अंगाला फक्त चुन्याची रेषा राहील, आणि रेषा काही बोलत नाही. त्या एका वाक्यावर मी आजवर पोट भरलं. राष्ट्रीय संघाच्या निवडीला बोलावलं तेव्हा मात्र डॉक्टर कान तपासणार असं कळलं, आणि मी पोटरी धरून लंगडत घरी आलो. आईला अजून वाटतं पोटरीनं घात केला.

तू विचारतेस म्हणून सांगतो. पाय होते तेव्हा सारखी मान वळवून बघायचो. आता तेवढ्यात कडेनं धावणारा विंगर निघून जातो. पण आमचा गोली नॉर्बेर्तो, त्याचा आवाज मासळीबाजारातल्या बाईचा. मागून कोणी आला की तो बोंबलतो, ते उजव्या कानात पडतं, मी वळतो. त्याला बिचाऱ्याला माहीतही नाही की मी त्याच्या घशावर खेळतोय. तो आवाज नसेल तर मी संपलो. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. चिठ्ठी जाळ.


ताव्हिरा,
२ जून १९८७

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र मुद्दाम तुझ्या मासे डबाबंद करायच्या कारखान्याच्या पत्त्यावर टाकतोय. घरी वाचू नकोस.

आपल्या गावचे ढोलवाले सामन्याला नेहमी समुद्राकडच्या गोलामागे बसतात. मी पोरगा होतो तेव्हापासून त्यांची जागा तीच. पहिल्या अर्ध्यात तो गोल आमचा होता, तेव्हा ढोल आमच्या मागे वाजले यात मला काही वाटलं नाही. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. आणि बघतो तर सगळे ढोलवाले ते अजस्र ढोल पोटावर घेऊन मैदानाला वळसा घालून पुन्हा आमच्याच गोलामागे. जन्मात कधी हललेले नाहीत ते लोक. मिरवणुकीतही पाद्रीनं सांगितलं तरी हलत नाहीत.

मग ध्यानात आलं. चेंडू पलीकडे असला की ढोल गप्प. माझ्या बाजूला आला की एकदम सगळे मिळून. नॉर्बेर्तोचं तोंड उघडलेलं दिसत होतं, आवाज नाही. तो चेंडू साधा होता, लहान पोरानं अडवला असता. मागे कोणी नाही असं समजून मी तो बाहेर जाऊ दिला, आणि तुमचा तो नवा पोरगा माझ्या डावीकडून, रेषेवरून, आत घुसला. गोल झाला तेव्हा मी अजून बाहेर जाणाऱ्या चेंडूची वाट बघत होतो. फोटो आलाय पेपरात. खाली लिहिलंय, झोपलेला बचावपटू.

आम्ही खाली गेलो. करार गेला, मुलांचा संघ गेला. नॉर्बेर्तो बसमध्ये सगळ्यांसमोर म्हणाला, की घसा फुटेस्तोवर ओरडत होतो, हा माणूस विकला गेला होता का ते विचारा. मी त्याला काय सांगू? आपल्याच गावाविरुद्ध खेळलेल्या माणसाला लोक दुसरं काय म्हणणार?

दाजींनी हे केलं. सामना संपल्यावर माझ्याशी हात मिळवायला ते आले नाहीत, तेव्हाच कळलं. ज्यानं मला झाकायला शिकवलं त्यानंच उघडं पाडलं. त्यांचं तोंड मला पुन्हा बघायचं नाही.

एकच गोष्ट मला कळत नाही. कान त्यांना ठाऊक होता. पण नॉर्बेर्तोचा आवाज? तो तर मी फक्त तुला लिहिला. चिठ्ठी तू जाळलीस ना? की तुझ्या खिशातून त्यांच्या हाती लागली? तसं असेल तर तसं लिही. मी विश्वास ठेवीन.

तुझ्या पत्राची वाट बघतो.

झेफेरिनो


लापा,
९ जून १९८७

चि. झेफेरिनो यास,
ताईचे अ. उ. आ.

तीन पत्रं फाडली, हे चौथं. खिशातून पडली असं लिहिणार होते. तू विश्वास ठेवला असतास, म्हणूनच लिहवेना.

मी चिठ्ठी जाळली. पण आधी त्यांना वाचून दाखवली. तुला विचारायला त्यांनीच सांगितलं होतं, हेही ऐक.

लापा खाली गेली असती तर त्यांना दुसऱ्या दिवशी काढलं असतं. पॅरिसच्या चुलतभावाशी बोलणं झालंच होतं, गवंडीकामाचं. आम्ही गेलो असतो तर आईचं कोणी बघायचं? तू? तू एकोणीस वर्षांचा असताना गेलास आणि वर्षातून आठ दिवस येतोस. तुझा फोटो कॅफेत टांगलाय, दर रविवारी मी त्याच्याखालून जाते. ज्या माणसानं तुला घडवलं त्याला कुणी कॉफीसुद्धा पाजत नाही. तुझ्या कानासाठी या घरानं सव्वीस वर्षं तोंड शिवून घेतलं. एकदा तरी त्या कानाचा आम्हाला उपयोग झाला, असं माझ्या मनात आलं. आलं ते आलं, लपवत नाही.

तुला दुसरा क्लब मिळेल असं वाटलं होतं. तुला विकलेला म्हणतील हे मात्र खरंच डोक्यात आलं नाही. त्या रात्री दाजी जेवले नाहीत. गल्लीत नाच चालला होता आणि ते मोरीत तोंड धूत बसले होते.

तुला मला जे म्हणायचं ते म्हण. पण आईला काही लिहू नकोस. मोठ्यानं वाचायच्या पत्रात एक शब्द आला तरी मला तो वाचावा लागेल, आणि मी गाळला तर तिला कळेल. सव्वीस वर्षं ज्यासाठी अनवाणी चालली ते घडलंच नाही हे तिला या वयात कळलं, तर ती मरेल. हे मी स्वतःसाठी मागत नाही.

लोभाबद्दल कुठल्या तोंडानं लिहू.

देओलिंदा


ताव्हिरा,
२१ जून १९८७

ती. आईस,
झेफेरिनोचा शि. सा. न. वि. वि.

मी ठीक आहे. सामन्याचं मनाला लावून घेऊ नकोस. तो गोल माझ्याच चुकीनं झाला. नॉर्बेर्तोनं हाक दिली होती, मला ती स्पष्ट ऐकू आली होती, पण पाय हलले नाहीत. वय झालं. गल्लीत कोणी काही बोललं तर हेच सांग. ढोल फार छान वाजले. दाजींनी किती मेहनत घेतली असेल ते माझ्याइतकं कुणाला कळणार नाही, असं माझ्या नावानं त्यांना सांग.

खेळ आता सोडतोय. इथं मिठागरावर काम मिळालंय, उघड्यावरचं, ओरडून बोलायची गरज नाही असं. या उन्हाळ्यात घरी यायला जमणार नाही. पुढच्याही नाही.

तुझ्या पायांची मला काळजी वाटते. मरियामाता समजून घेईल, तू यंदा खिडकीतूनच मिरवणूक बघ. नवस मात्र मोडायचा नाही. मेणाचा कान यंदा ताईच्या हाती दे. तिनं तो अनवाणी न्यावा, सगळ्या गल्लीसमोरून, ढोलवाल्यांच्या पुढे, समुद्रापर्यंत. माझ्या कानासाठी तिनं काय केलंय ते मला ठाऊक आहे. ती नाही म्हणणार नाही. आता विचार तिला, हे पत्र तिच्या हातात आहे तोवर.

तुझा लोभ आहेच, तेवढा मला पुरे.

तुझा
झेफेरिनो

ता. क. ताई पाकीट उलटं करून बघेल. तिला सांग, आत आणखी काही नाही.