बनियन कोरडं आहे

आई,

तुझी नात आज पहाडात जायला निघाली. हे तिला स्टेशनवर पोचवायला गेले आहेत आणि मी मुद्दाम घरी राहिले. फलाटावर माझं तोंड कसं होतं ते मला माहीत आहे आणि तिलाही. गाडी सुटायला अजून वेळ आहे. तोवर येरझाऱ्या घालण्यापेक्षा जेवणाच्या टेबलावर तुला लिहायला बसले आहे. इस्त्री कालपासून इथेच पडली आहे, उचलून ठेवावीशी वाटत नाही. तिच्याबद्दलच सांगायचं आहे.

नातीला तू पाहिलं नाहीस, तू गेल्यानंतर झाली ती. तेवीस वर्षांची आहे, चालते तुझ्यासारखी, मान पुढे काढून, आणि बोलते अर्धं मराठी, अर्धं हिंदी. महिनाभराचा बर्फावर चढायचा कोर्स करायला गेली आहे. गेल्या साली असल्याच एका ट्रेकवरून आली ती तापाने फणफणलेली. वर पावसात सापडली, जॅकेट खांद्यावर गळलं, आतले कपडे भिजले. बरोबरच्या मुलींनी तिला दोघींच्या मध्ये निजवून ऊब दिली म्हणून निभावलं. हे तिने मला पंधरा दिवसांनी सांगितलं, तेही हसत हसत. मी तिथल्या तिथे शब्द घेतला, की जॅकेटात पाणी शिरत असेल तर पुन्हा जायचं नाही. तिने दिला. आणि मुलगी शब्दाची पक्की आहे, हीच पंचाईत.

जॅकेट का गळलं तेही तिनेच शोधून काढलं. मी ते चादरींबरोबर मशीनमध्ये टाकत होते, भरपूर साबण आणि वर ते वासाचं, कपडे मऊ करणारं औषध. आपल्या घरचं स्वच्छतेचं वेड, दुसरं काय! त्या औषधाने बाहेरचं कापड पाणी पिऊ लागतं म्हणे. मैत्रिणीकडून तिने दोन अर्ध्या बाटल्या आणल्या, एक धुण्याची, एक पाणी अडवण्याची. दोन्हींची लेबलं निघून गेलेली. काल सकाळी तिला मेडिकल सर्टिफिकेटसाठी फूलबागेकडच्या दवाखान्यात जायचं होतं. दारात चपला घालता घालता म्हणाली, "आई, हे तू करून दे ना. पहिले पांढरी बाटली, मग हिरवी. शाम को चेक करते हैं. पानी अंदर आया तो कॅन्सल, प्रॉमिस."

आणि गेली. घरात मी आणि ते जॅकेट.

मी सगळं नीट केलं. मशीनचा साबणाचा कप्पा जुन्या ब्रशने घासला, कारण तिथे आधीचा साबण चिकटून बसलेला असतो. मशीन एकदा रिकामं फिरवलं. चेनी लावल्या, जॅकेट कोमट पाण्यात धुतलं, दोनदा खळबळलं, मग हिरवी बाटली घालून पुन्हा फिरवलं. पिळलं नाही. गच्चीवर सावलीत वाळत घातलं. दुपारी वाळल्यावर टेबलावर पसरून खांद्यावर बोटाने पाणी शिंपडलं. थेंब क्षणभर थांबला आणि मुरला. काळा डाग पडला. दुसरा टाकला, तोही मुरला. मी जॅकेट खुर्चीच्या पाठीवर टाकलं, आत गेले, आलं घालून चहा केला आणि कित्येक दिवसांनी निवांत बसून प्यायले.

कप विसळताना तू आठवलीस. शिंदे की छावनीतलं आपलं स्वयंपाकघर, ओट्याखाली अंथरलेलं पोतं, आणि त्यावर बाबांचा तो कॅनव्हासचा खाकी कोट, हातपाय पसरून. बाबांना धरणाचे दरवाजे उघडायला जायची वेळ आली की जीप दाराशी यायची आणि ड्रायव्हर गल्लीतूनच हाक मारायचा, "बाऊजी, चलिए, पानी चढ़ रहा है!" त्या हाकेची तुला एवढी धास्ती, की जूनपासूनच तू कुणाशी धड बोलायची नाहीस. मन चिंती ते वैरी न चिंती. पण दर वर्षी पावसाआधी कोट मात्र तूच तयार करून ठेवायचीस. ओल्या फडक्याने पुसून, साबणाचं बोट न लावता, मेण आणि अळशीचं तेल वितळवून चोळायचीस, पहिले शिवणी, मग बाकीचं. आणि मग वर जुनं धोतर टाकून कोळशाची इस्त्री, अगदी हलकी. "ऊब लागल्याशिवाय ते आत बसत नाही," म्हणायचीस. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मला वाटलं, मला फार मोठी युक्ती सुचली आहे. म्हटलं, "आई, इस्त्री करूच नकोस ना. कोट गळला तर बाबा जाणारच नाहीत." तू फाडकन कानाखाली दिलीस. मग पुन्हा इस्त्री उचलून म्हणालीस, "ते तर जाणारच. ओले जाणार का कोरडे, एवढंच आपल्या हातात आहे."

काल ते वाक्य मला काही कामाचं नव्हतं, आई. बाबा जाणारच होते, म्हणून तुला सोपं होतं. ही थांबली असती. मी नुसतं हातचं राखायचं होतं. हिरव्या बाटलीतलं औषधही उबेशिवाय बसत नाही हे तिला ठाऊक नव्हतं, मला तुझ्यामुळे सुचलं होतं, आणि मी तोंड मिटून बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. संध्याकाळी ती डाग बघून "ठीक है" म्हणाली असती, सॅक उलटी करून सामान परत कपाटात लावलं असतं. आणि मग मला रोज तिच्यासमोर जेवायला बसावं लागलं असतं.

फाटक वाजलं तर, या भीतीने माझे कान बाहेर लागले होते. ती यावी की येऊ नये, ते मलाच कळत नव्हतं. शेवटी इस्त्री लावली. अगदी मंद. वर पातळ पंचा टाकला. इस्त्री एका जागी क्षणभरही टेकू दिली नाही, कारण जरा जास्त तापली तर आतली शिवणीवरची पट्टी वितळेल आणि जॅकेट कायमचं जाईल. आणि तसं झालंच तर मी ते चुकून केलं असं मला स्वतःलाही पटवता आलं नसतं. पहिले खांदे, मग टोपी, मग बाह्या. पुन्हा पाणी शिंपडलं. थेंब उभा राहिला. गोल, घट्ट. बाही तिरकी केली तर घरंगळून टेबलाखाली गेला.

ती आल्यावर मी तिला जॅकेट घालून न्हाणीत उभं केलं आणि डोक्यावरून बादलीभर पाणी ओतलं. ती ओरडत होती, हसत होती. मी कॉलरमधून हात आत घातला, पाठीपर्यंत. "आई, गुदगुली हो रही है!" मी हात काढला नाही. पाठ कोरडी होती. बाबा एकदा दोन दिवसांनी धरणावरून परत आले तेव्हा तू असाच हात घातला होतास. दारातच, ड्रायव्हरसमोर. "बनियन कोरडं आहे," म्हणालीस, आणि मग त्यांना असं काही फैलावर घेतलंस की तो बिचारा जीप घेऊन पळाला.

आत्ता यांचा फोन आला. गाडी सुटली. खिडकीत बसली आहे, खुशीत आहे, जॅकेट अंगातच आहे म्हणे, एवढ्या उकाड्यात.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून लिहून टाकते. इस्त्री करून झाल्यावर खांद्यावर तो थेंब टाकला ना, तेव्हा डोळे मिटून मी देवाला म्हणत होते, मुरू दे. माझ्याकडून होतं ते सगळं केलं, आता तू मुरू दे. बाबांच्या कोटावरून इस्त्री फिरवताना तूही असंच काही म्हणायचीस का गं? मला ती थप्पड एवढ्या जोरात का बसली, ते मला कालपासून कळल्यासारखं वाटतंय.