अशील फार लवकर खरं बोलतं

अम्मान, मुलींचं वसतिगृह
सोमवार, २४ फेब्रुवारी

माझ्या भावा मुहन्नद,

सलाम. तुझी तब्येत बरी असेल, खाला सुहैला तुला बळेबळे दोन घास जास्त वाढत असेल आणि अकबाची हवा तरी तुला मानवली असेल, असं धरून चालते. इथं थंडी अजून हटत नाही. एका शेगडीवरून आमच्या मजल्यावरच्या मुली रोज भांडतात. यम्मा ठीक आहे. रमजान तोंडावर आलाय म्हणून ती घर घासत बसलीय, आणि मध्येच तुझ्या खोलीत जाऊन दार लावून घेते. याबा म्हणतात गुडघा दुखतो, म्हणून दुकान उघडत नाही. आपण सगळे ते खरं मानतो.

फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र खालाच्या नवऱ्याबरोबर पाठवतेय. अबू नायेफ फ्रीजचे सुटे भाग घ्यायला इथं आले होते, आज दुपारी परत निघतील. त्यांना शपथ घातलीय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं.

आधी माझी बातमी. मध्यस्थीच्या स्पर्धेत आमच्या विद्याशाखेने माझं नाव दिलं होतं, आठवतं? तू खूप हसला होतास. "आपल्याकडे हे काम म्हातारे कॉफी पिऊन फुकट करतात, तुम्हाला त्याची पदवी मिळते?" शनिवारी झाली ती. सोपं असतं रे दिसायला. कोर्टासारखं भांडायचं नाही, टेबलाशी बसून तोडगा काढायचा. एका बाजूला आम्ही दोघी, मी अशील आणि झरकाची दीमा माझी वकील. समोर दुसऱ्या विद्यापीठाची जोडी. मधोमध तिसऱ्या विद्यापीठाची मध्यस्थ. मागे परीक्षक निर्विकार चेहऱ्याने गुण देत बसतात. प्रत्येक बाजूला एक गुप्त कागद मिळतो, आपल्या मनातलं खरं काय ते त्यात असतं, आणि ते समोरच्याला कळू द्यायचं नसतं.

आमचा वाद एका मिठाईवाल्याचा आणि त्याच्या डोक्यावर दवाखाना थाटलेल्या दंतवैद्याचा. दंतवैद्य म्हणतो तुपाचा धूर वर येतो, मिठाईवाला म्हणतो ह्याने जिन्यात "गोड खाऊ नका" अशी पाटी लावून माझं गिऱ्हाईक पळवलं. मी मिठाईवाला. दीमा म्हणाली, "शोभतेस. तोंड गोड आणि आत नुसतं तूप." आमच्या गुप्त कागदात होतं की मिठाईवाल्याने दुसरीकडे दुकान बघूनही ठेवलंय, पण हे तोडगा निघेपर्यंत बोलायचं नाही. आत जाण्याआधी आमच्या डॉ. नवालनी पुन्हा बजावलं, "पोरींनो, अशिलाने दिलाय तेवढाच अधिकार. त्याच्या नावाने वर एक शब्द जास्त दिलात तर मी तुम्हाला ओळखत नाही."

मग मध्यस्थ आत आली. गळ्यात नावाची पट्टी. शुरूक, आणि पुढे आडनाव. ते आडनाव मी इथं लिहीत नाही.

नाही, लिहायलाच हवं, निदान ती कोण ते. यझनची बहीण. डिसेंबरात तुझ्या गाडीखाली आलेल्या यझनची सख्खी बहीण. बघ, आपल्या घरात इतके दिवस हे वाक्य कोणी शेवटपर्यंत बोललेलं नाही.

माझ्याही गळ्यात पट्टी होती आणि तिच्यावर आपलं आडनाव ठळक छापलेलं. तिने ते वाचलं. मग शांतपणे नियम सांगायला लागली, "इथं बोललेलं इथंच राहील," वगैरे. आवाज जराही हलला नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. गुरुवारी त्यांनी सूड न घेण्याच्या तहाची मुदत संपतेय, आपले म्हातारे जाहा म्हणून रदबदलीला त्यांच्या दारात जाणार, ते मुदत वाढवतात की तोंड फिरवतात यावर तुझं घरी येणं, याबांचं दुकान, सगळं अडकलंय. आणि त्यांच्या घरातली मुलगी माझ्यापासून हातभर अंतरावर बसून मला पाणी ओतून देत होती.

तासाच्या मध्यावर मध्यस्थ एकेका बाजूशी वेगळं बोलते. तिने आम्हा दोघींना शेजारच्या खोलीत नेलं, परीक्षक मागोमाग आले. तिने मला विचारलं, "तुम्हाला कशाची भीती वाटते?" हा प्रश्न विचारायचाच असतो, पुस्तकात आहे. पण माझी जीभ सुटली. दुसरं दुकान, त्याचं भाडं, मिठाईवाल्याला आता भांडण नकोच आहे, सगळं भडाभडा सांगून टाकलं. दीमाने टेबलाखाली असा चिमटा काढला की अजून काळानिळा डाग आहे. ती नंतर म्हणाली, "तुला कोणी चाबकाने मारत होतं का? नुसतं 'धुराची भीती वाटते' म्हणायचं होतं." परीक्षकांनी शेरा लिहिला, अशील फार लवकर खरं बोलतं. आम्ही हरलो. दीमा माझ्याशी संध्याकाळपर्यंत बोलली नाही.

आता जे लिहायला बसलेय ते.

फेरी संपल्यावर मी तोंड धुवायला गेले. नळ सुरू केला, मागे दार लागल्याचा आवाज आला. शुरूक दाराला पाठ लावून उभी होती. खोटं कशाला सांगू, मला वाटलं हिच्या पिशवीत काहीतरी आहे.

ती म्हणाली, "घाबरू नकोस. मला एक विचारायचंय. आमचे पुरुष तुमच्या पुरुषांशी हक्काचं आणि मानाचं बोलतात. माझ्या आईला त्यातलं काही नकोय."

"मग काय हवंय?"

"यझन सापडला तेव्हा त्याच्या डोक्याखाली घडी घातलेलं जॅकेट होतं. कोणीतरी त्याच्यापाशी थांबलं होतं. डॉक्टर म्हणाले, तो लगेच गेला नाही. आई म्हणते, ज्याने असल्या थंडीत स्वतःच्या अंगावरचं काढून दिलं त्याने त्याचं शेवटचं बोलणं ऐकलं असेल. तुझ्या भावाला विचारशील? त्याच्या मागून कुठली गाडी येत होती? त्याने कोणाला पाहिलं का?"

मी म्हटलं, पोलिसांना विचारा.

"पोलिसांना ते दाखवलंच नाही. त्यावर त्याचं रक्त आहे. एकदा दिलं की परत मिळणार नाही, म्हणून आईने कपाटात ठेवलंय. रोज नमाजानंतर त्या भल्या माणसासाठी दुआ मागते. आणि त्याच बैठकीत तुझ्या भावाला शाप देते."

मी विचारलं, कसलं जॅकेट. का विचारलं मी, मुहन्नद?

"तपकिरी. आत लोकर. डावा खिसा हिरव्या दोऱ्याने शिवलाय, वेडावाकडा."

घरात तपकिरी दोरा नव्हता म्हणून मी हिरव्याने शिवलं होतं. तू महिनाभर मला चिडवत होतास, "माझ्या बहिणीने खिशात पालक लावलाय." जामिनावर सुटण्याआधी पोलिसांना दिलेल्या तुझ्या जबाबात लिहिलंय की गाडीला धक्का बसला, वाटलं कुत्रं असेल, थांबलो नाही. याबांनी तेच सगळ्या म्हाताऱ्यांना सांगितलं. यम्मा तेच सांगते. मीही दीमाला तेच सांगितलं होतं.

मी शुरूकला म्हटलं, ते माझ्या भावाचं आहे.

वाहता नळ तिने बंद केला. मग विचारलं, "काय म्हणाला यझन?"

"मला माहीत नाही. मुहन्नद सांगेल."

"शब्द देतेस?"

"देते."

"त्याच्या वतीने बोलायचा अधिकार आहे तुला?"

मी म्हटलं, नाही. तिने मान हलवली, मघाशी टेबलावर हलवत होती तशीच. म्हणाली, "आईला हे त्याच्याच तोंडून कळायला हवं. गुरुवारपर्यंत मी गप्प राहीन. तुमचे लोक येऊन बसेपर्यंत त्याने सांगितलं नाही, तर ते जॅकेट मी स्वतः नेऊन पुरुषांच्या मध्ये ठेवीन." आणि दार उघडून गेली.

आपल्याकडे शब्द देणारा जामीन होतो, हे तुला मी सांगायला नको. तेव्हापासून मला झोप नाही. जिन्यात पाऊल वाजलं तरी मी दचकते. मी कायदा शिकते, त्यामुळे यापुढचं मला तुझ्यापेक्षा जास्त दिसतं. धक्का लागून पुढे जाणं वेगळं. थांबून, जिवंत माणूस बघून, मग सोडून जाणं वेगळं. हे कोर्टात पोचलं तर तुझी वर्षं वाढतील. ते पुरुषांच्या कानावर गेलं तर तह वाढेल की मोडेल, मला खरंच सांगता येत नाही. कदाचित त्या बाईचा शाप आणि दुआ एकाच माणसावर पडलेत हे कळल्यावर ती दोन्ही परत घेईल. कदाचित नुसती दुआच परत घेईल.

तू का थांबलास आणि मग का गेलास, हे मी विचारत नाही. मला वाटतं तू घाबरलास. आता मला कळतं माणूस कसा घाबरतो.

शुरूकचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय. ती उचलेल आणि फोन आईच्या हातात देईल. यझन जे बोलला असेल ते सांग. कोणाला हाक मारली असेल, पाणी मागितलं असेल, शिवी दिली असेल, तेही. काहीच बोलला नसेल तर काहीच बोलला नाही म्हण, गोड काही रचू नकोस. आणि बोलताना तिला उम्म यझन, यझनची आई, म्हण. अजून सगळे तिला तसंच म्हणतात.

मला भीती वाटते, मुहन्नद. तू फोन करशील याची वाटते, आणि करणार नाहीस याचीही. यम्माला मी यातलं काही सांगितलेलं नाही. तिलाही लोक तुझ्याच नावाने हाक मारतात.

तुला न विचारता तुझा शब्द देऊन बसलेली,
तुझी बहीण
रनीम