पत्त्यासाठी खोली, खोलीसाठी पत्ता

सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप मामांना,

इतक्या लांबून वाकून नमस्कार. (जवळ असते तर तुम्ही आधी पाय मागे घेतले असते आणि मग आशीर्वाद दिला असता.) तुमचा गुडघा, मामींचा रक्तदाब आणि तुम्हा दोघांमधली बोलणी सुरळीत चालू असतील अशी आशा आहे. माझं म्हणाल तर तब्येत ठणठणीत आहे, बाकी काहीच ठीक नाही.

गेले अकरा दिवस मी मैत्रिणीच्या मैत्रिणीकडे, तिच्या स्वयंपाकघरात, फ्रिज आणि भिंत यांच्यामधल्या जागेत राहते आहे. ती बिचारी काही बोलत नाही, पण दूध काढायला रोज मला ओलांडून जाते आणि रोजचा सुस्कारा कालच्यापेक्षा थोडा लांब असतो. घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. ज्यानं म्हटलं त्यानं परक्या देशात विद्यार्थी म्हणून भाड्याची खोली शोधली नसणार, नाहीतर बांधणं त्याला सोपं वाटलं असतं. विद्यापीठाच्या कचेरीतल्या बाईंनी बजावलंय की शुक्रवारपर्यंत राहता पत्ता नोंदवला नाही तर प्रवेश रद्द. म्हणून मी दलालाकडे गेले. तो म्हणाला, इथल्या बँकेत खातं असल्याशिवाय खोली मिळत नाही. बँकेत गेले, तर तिथला कारकून म्हणाला, इथला पत्ता असल्याशिवाय खातं उघडत नाही. मी पुन्हा दलालाकडे, पुन्हा बँकेत. बँकेचा पहारेकरी आता मला लांबून पाहिलं की दार उघडून धरतो. या शहरात माझ्यासाठी आपणहून उघडणारं तेवढं एकच दार आहे.

शेवटी दलालाला माझी दया आली की माझा कंटाळा आला, कोण जाणे, पण 'खात्याचं नंतर बघू' म्हणत त्यानं एक खोली दाखवली. जाहिरातीतल्या फोटोत ती ऐसपैस होती. (फोटो काढणारा बहुधा खिडकीबाहेर लटकत होता.) पलंग भिंतीला उभा टेकवलेला. तो खाली पाडला की दार उघडत नाही.

मी विचारलं, "मग बाहेर कसं जायचं?"

"पलंग उचलून."

"आणि आजारी असले तर?"

"आजारी माणसानं बाहेर जाऊच नये," तो म्हणाला, आणि खरं सांगते मामा, त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काळजी होती.

मी विचार करून सांगते म्हटलं, तर जिना उतरेपर्यंत दुसऱ्या कुणी ती घेतलीसुद्धा.

मग एका घरात चार विद्यार्थी पाचवा शोधत होते, तिथे गेले. मला वाटलं खोली बघायची आहे, पण तिथे मलाच बघायचं होतं. चौघं सोफ्यावर, मी समोर स्टुलावर, आणि एकीच्या हातात वही. कांदेपोह्यांशिवायचा बघण्याचा कार्यक्रम म्हणा ना. वहीवालीनं विचारलं, "भांडण झालं तर तू काय करतेस?" मी प्रामाणिकपणे म्हटलं, "जिंकते." चौघंही हसली, पण तिनं ते लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, तू माणूस म्हणून फार छान आहेस, आमच्याकडे मात्र नको. इतक्या गोड शब्दांत मला आजवर कुणी हाकललं नव्हतं. त्या दिवशी मी ग्रंथालयाच्या स्वच्छतागृहात बसून रडले. (हे आईला सांगू नका. तिच्या लेखी मला मिळालेली खोली पूर्वाभिमुख आहे.)

काल मात्र ग्रंथालयाच्या फळ्यावर हातानं लिहिलेली एक चिठ्ठी दिसली आणि तशीच उठून गेले. तिसरा मजला, एक निवृत्त परिचारिका, एकटी राहणारी. खोली तिच्या मुलाची. तो शिकायला दुसऱ्या देशात गेलाय. टेबलावर त्याच्या पेनाच्या रेघोट्या अजून आहेत आणि कपाटाचं दार जरा उचलून लावावं लागतं. बाईंनी माझी नाडी बघावी तसं मला दोन मिनिटं निरखलं. दार आपटतेस का, जेवल्यावर ताट लगेच धुतेस का, एवढंच विचारलं. बँक नाही, खातं नाही. पलंग मांडलेला असतानाही दार उघडत होतं. मी ते तीनदा उघडून पाहिलं. मग बाई म्हणाल्या, "माझ्या पोरालाही तिकडे अजून खोली मिळालेली नाही."

असो. मामींना नमस्कार, धाकट्याला गालगुच्चा.

तुमची भाची

ता. क. खोली जवळजवळ मिळालीच आहे, फक्त एक कागद हवा. याआधीच्या घरमालकाचं, ही भाडेकरू चांगली होती, असं पत्र. मी भाडेकरू कधी नव्हते, पण कॉलेजची चार वर्षं तुमच्या घरी काढली, तेव्हा घरमालक तुम्हीच. गुरुवारच्या आत लिहून फोटो काढून पाठवा. नळ चालू ठेवून मी परीक्षेला गेले आणि खालच्यांच्या छताला पोपडे आले, किंवा तुम्हा दोघांना गच्चीत कोंडून मी नाटकाला गेले, या गोष्टींत परिचारिकेला रस नसावा.

ता. क. २. मी बाईंना विचारून ठेवलं, पत्र वाईट आलं तर? त्या म्हणाल्या, "चांगली पत्रं घेऊन आलेले वाईट भाडेकरू मी खूप पाहिलेत. मला फक्त बघायचंय, तुझ्यासाठी लिहिणारं कुणी आहे का."

ता. क. ३. तेव्हा मामा, पत्र मराठीतच लिहा आणि अगदी खरं खरं लिहा. भाषांतर मी करणार आहे.