उत्तरार्धाचा अंदाज

बाभुळगाव,
१२ नोव्हेंबर १९६७

प्रिय इंदू,

सध्या वाचतेय: काहीच नाही. आपल्या पत्राची पहिली ओळ अशी कधीच नव्हती. ताप असो, परीक्षा तोंडावर असो, आपण कुठल्या ना कुठल्या ग्रहावर मुक्कामाला असायचोच. पण गेला महिनाभर मी छापील गोष्टीला हात लावलेला नाही, आणि का लावला नाही तेच सांगायला बसले आहे. हे पत्र टपालाने येत नाही. तुझ्या हातात बांगड्या भरणारी हंसाबाई तुला ते आपल्या हाताने देईल. वाचून झालं की चुलीत घाल. तुझे भासरे घरात येणारं-जाणारं प्रत्येक पाकीट आधी स्वतः फोडतात हे मला आता कळलंय. तुझ्या लग्नात एवढंच ऐकलं होतं की नवऱ्याचा थोरला भाऊ शिकलेला आहे, रोज पेपर वाचतो. मी मूर्ख, मनातून खूश झाले होते की चला, आपल्या इंदूला वाचणाऱ्या माणसांचं घर मिळालं.

यवतमाळचं वसतिगृह आठवतं का गं? दीक्षेच्या दुसऱ्या वर्षी आपण तिथे आलो. आपल्या दोघींच्या बापांनी नागपूरहून परतल्यावर देव्हाऱ्यातले देव काढले आणि त्या रिकाम्या कोनाड्यात पोरींची पुस्तकं ठेवा म्हणाले. त्यांना बिचाऱ्यांना वाटलं, पोरी अंकगणित आणि भूगोल वाचतील. पोरींनी तिथे मंगळावरचे लोक आणि पाताळातल्या राण्या आणून बसवल्या. रद्दीवाल्याकडची पहिली जाड कादंबरी आणली तेव्हा दोघींनाही ती आधी हवी होती. तू हटून बसलीस, मीही काही कमी नव्हते. शेवटी तू स्वयंपाकघरातली विळी आणलीस आणि शिवणीवर धरून पुस्तकाचे सरळ दोन तुकडे केलेस. वॉर्डनबाईंनी ते पाहिलं असतं तर आपल्यालाही तसंच कापलं असतं. पूर्वार्ध तुझा, उत्तरार्ध माझा. तू शेवटाचा अंदाज लिहायचा, मी सुरुवातीचा, आणि मगच अदलाबदल करायची. जिचा अंदाज चुकेल तिने दोघींची भांडी घासायची. तुझी भांडी मी फार घासली नाहीत, आठवतं ना? माझे अंदाज बरोबर यायचे. इंदू, त्याचा मला भारी गर्व होता.

पुढे मी शिक्षिकेच्या ट्रेनिंगला गेले. अर्ज दोघींचे होते, तुझा माझ्यापेक्षा सुवाच्य अक्षरात लिहिलेला होता. पण तुझ्या वडिलांना छातीचं दुखणं लागलं आणि आपण असेपर्यंत पोरीचं उरकून टाकावं असं त्यांच्या मनाने घेतलं. साठ साली तू ढाणकीला सासरी गेलीस. जाताना आपण ठरवलं की खेळ बंद करायचा नाही. पुस्तकं पाठवणं जमलं नाही, तर जिने गोष्ट वाचली तिने ती पत्रात अर्धीच सांगायची आणि पुढचं दुसरीने ओळखायचं. ओळखून होईपर्यंत पुस्तकाचं नाव सांगायचं नाही. वर्षभर हे बरं चाललं. माझीच पत्रं लांब असायची, तुझी आखूड. मी म्हटलं, संसारात पडली, वेळ मिळत नसेल.

एकसष्टच्या आषाढात तुझं ते लांबलचक पत्र आलं. ‘सध्या वाचतेय: एका बाईची गोष्ट’ अशी सुरुवात होती. ती बाई दूरच्या एका ग्रहावर राहायला जाते. ती येते तेव्हा तिथली माणसं गोड बोलतात, मग तिची हवेची पिशवी काढून स्वतःजवळ ठेवतात आणि तिला रोज मोजून श्वास देतात. उलट बोलली की दोन श्वास कमी. तिने घरी पाठवलेला प्रत्येक निरोप तिथला द्वारपाल आधी उघडून बघतो, म्हणून ती निरोपातही हसरंच लिहिते. तिची एक मैत्रीण पृथ्वीवर असते, तिच्याजवळ यान असतं. बैलांचा सण होईपर्यंत आपण दम धरू शकू, पुढचं सांगता येत नाही, असं ती बाई मैत्रिणीला कळवते. इथे तू गोष्ट थांबवली होतीस. खाली लिहिलं होतंस, उत्तरार्ध माझ्याकडे नाही, कौसल्या. यान येतं का, ते तू लवकर कळव.

आणि मी कळवलं. त्याच दिवशी, शाळेतून आल्या आल्या, चहासुद्धा न घेता कळवलं, इतकी मला घाई. ते पत्र तुझ्याकडे उरलं नसेल, पण मला ते शब्दन् शब्द पाठ आहे. मी लिहिलं की लेखकाला भान नाही, परग्रहावर बैल कुठून आले? मी लिहिलं की नायिका फार रडवी आहे. यान येत नाही आणि येऊही नये, चांगला लेखक असा स्वस्त शेवट करणार नाही. त्या बाईने तिथल्या हवेची सवय करून घ्यावी, खरी शूर असेल तर ती तसंच करील. शिवाय त्या वाक्याखाली ऐटीत दोन रेघा ओढल्या होत्या. पंधरा दिवसांनी तुझं कार्ड आलं. त्यावर एकच ओळ होती, ‘तुझा अंदाज बरोबर निघाला.’ इंदू, मी ते कार्ड शाळेतल्या बायकांना दाखवत फिरले गं.

त्यानंतर मी तीनदा पुस्तकाचं नाव विचारलं. तू उत्तर दिलं नाहीस आणि मी रुसले. मनात म्हटलं, ही आता मोठी घरधनीण झाली, हिला आपले ग्रहतारे पोरखेळ वाटत असतील. सहा वर्षं मी तो रुसवा जपला. नागपूरला गेले की पुस्तकांच्या दुकानात मात्र विचारायचे, श्वास मोजून देणाऱ्या लोकांची कादंबरी आहे का? दुकानदार मान हलवायचे. मधल्या काळात माझं बरं चाललं होतं. शाळेच्या कपाटात मी अद्भुत गोष्टींचा एक कप्पा केलाय. आमचा शिपाई उकंडा तर असा नादावलाय की मी वर्गात गोष्ट सांगायला लागले की घंटा द्यायची विसरतो. मागे एकदा मला विचारत होता, ‘बाई, थो चंद्रावर गेला तं गेला, पन भूक लागल्यावर तिथं खाते काय?’ तुला तो फार आवडला असता. अशा वेळी मला तुझी आठवण यायची, आणि तरीही मी दोन ओळी लिहिल्या नाहीत. मीच का आधी लिहू, हा माझा तोरा.

दसऱ्यानंतर हंसाबाई बाभुळगावला आपल्या लेकीच्या बाळंतपणाला आली. रिकामं बसवेना म्हणून बांगड्यांची पेटी घेऊन घरोघर फिरत होती, तशी माझ्याकडेही आली. ढाणकीची आहे म्हणाल्यावर मी तुझं नाव घेतलं. ती माझा हात धरून बांगड्या चढवत होती, ती थांबली. म्हणाली, ‘तिच्या डाव्या हाताले लय जपा लागते बाई. कोपर मोडला व्हता, हात सरका नाही होत. कायनं मोडला म्हनलं तं पोरगी नुसती हासते.’ मी विचारलं, कधीची गोष्ट? तिला साल सांगता येईना, पण तुझ्या लग्नानंतरचा दुसरा पोळा होऊन आठ दिवस झाले होते, एवढं तिला पक्कं आठवत होतं. मला तेव्हाही उमजलं नाही, बघ. मी विचारलं, अजून वाचते का हो ती? हंसाबाईने हातातली बांगडी खाली ठेवली. ‘कायचं वाचते? लग्नाच्या पयल्याच वर्षी तिची पुस्तकाची पेटी भासऱ्यानं चुलीत घातली. चिठ्ठ्याबी थोच फोडते. पुस्तक काहून विचारता बाई, त्या घरात आता तिच्या हाती कागद दिसू देत नाहीत.’

ती गेल्यावर मी तुझं पत्र काढून वाचलं. पेटीच जळाली होती, तर तू वाचत होतीस ती कादंबरी कोणती? बैल कुठून आले होते? सगळं इतकं उघड लिहिलं होतंस तू. दाराशी पहारा होता म्हणून आपल्या खेळाच्या आडून लिहिलंस, कारण तुला खात्री होती की जगात दुसऱ्या कुणाला नाही कळलं तरी कौसल्याला कळेल. वाचायची हुशारी तिच्याकडेच होती ना! आणि त्या हुशार बाईने तुझ्या जिवाला परीक्षेच्या पेपरासारखं तपासलं आणि चुका काढून परत पाठवलं. तुझा हात पोळ्यानंतर मोडला. माझं उत्तर तुला त्याआधी मिळालं होतं. मी हा हिशेब दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने लावून पाहिला, लागत नाही. महिनाभर मी तुला माफी मागणारी पत्रं लिहिली आणि फाडली, कारण माफी मागून मला बरं वाटेल, तुझा हात सरळ होणार नाही. खरं सांगायचं तर मला तुझी भीतीही वाटत होती. तू आता मला ओळख दाखवणार नाहीस असं वाटायचं. अजूनही वाटतं.

हंसाबाईची लेक आता हिंडूफिरू लागली, उद्या सकाळच्या गाडीने हंसाबाई ढाणकीला निघणार आहे, म्हणून आज हे पत्र पुरं करायलाच हवं. तुझ्याकडून मला काही उत्तर नको. मला फक्त तुला आधी कळवून ठेवायचं आहे की येत्या रविवारी दुपारी मी आणि माझा भाऊ तुझ्या दारात येऊ. चोरून नाही, आडबाजूला नाही, ओसरीवर तुझे भासरे आणि नवरा बसलेले असतानाच. मला शाळेजवळ दोन खोल्या मिळाल्या आहेत. तुला चार वर्षांची लेक आहे, विशाखा, हे हंसाबाईनेच सांगितलं. तिला आमच्या बालवाडीत घालू, आणि तुझा ट्रेनिंगचा अर्ज पुन्हा भरता येतो, वय अजून गेलेलं नाही, मी विचारून आले आहे. मी सगळ्यांसमोर तुला एकदाच विचारीन, येतेस का? तू नाही म्हणालीस, तर भासऱ्यांना हात जोडीन आणि आल्या पावली परत जाईन. मला वाटेल ते बोललीस तरी ऐकून घेईन. पण तुझ्या मनात काय आहे ते या वेळी तुझ्या तोंडून ऐकल्याशिवाय मी धरून चालणार नाही. फार उशीर झालाय, इंदू, हे मला कळतंय. तरी येते आहे.

हक्क उरला असेल तर तुझीच,
कौसल्या