घरचं कोर्ट

नाशिक रोड,
१२ जानेवारी २०२५

ती. वत्सलाआत्यास तृप्तीचा सा. न. वि. वि.

तू धाडलेले सांडगे पोचले. आईने अर्धे माझ्यापासून लपवून ठेवलेत. आम्ही फायनलला गेलो म्हणून तू फोनवर केवढी हरखलीस, आणि मी फोन बाबांच्या हातात दिला. का, ते तोंडानं सांगवत नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या बास्केटबॉल लीगची सेमीफायनल तीन सामन्यांची. साखळीत वर राहिलेल्या संघाला पहिला, आणि लागलाच तर तिसरा सामना घरच्या कोर्टवर मिळतो. आमचे आणि कोल्हापूरचे विजय सारखे झाले. मग आपसातल्या दोन सामन्यांतला फरक बघतात. तिकडे त्यांनी आम्हाला सात गुणांनी हरवलं होतं. इथे शेवटच्या क्षणी आम्ही पाचने पुढे होतो. मी लांबून टाकला, पंचांनी तीन गुण दिले. फरक आठ, घरचं कोर्ट आमचं.

पण टाकताना माझा पाय तीन गुणांच्या रेषेवर होता, आत्या. मला कळलं होतं. गुण दोनच होते. मग सात-सात बरोबरी झाली असती आणि साखळीतल्या एकूण गुणफरकावर कोल्हापूर वर गेलं असतं. पोरी माझ्या गळ्यात पडल्या आणि मी हसत राहिले.

निकालाचा तिसरा सामना त्यामुळे इथे झाला. कोल्हापूरकडून ज्योत्स्ना खेळते. पेठच्या आदिवासी पाड्यावरची, होस्टेलवर चार वर्षं माझ्या खोलीत होती, दिवाळीला तुझ्याकडे आली होती तीच. आम्ही एका गुणाने पुढे, शेवटचे काही सेकंद, आणि तिला दोन फ्री थ्रो. आपल्या लोकांनी तिच्या बोलीची नक्कल केली, जंगलात परत जा म्हणून ओरडले. मी कॅप्टन. हात वर केला असता तर निदान पुढच्या रांगा गप्प बसल्या असत्या. मी कमरेवर हात ठेवून उभी राहिले. तिचे दोन्ही चुकले.

नंतर कळलं, तिची आई तानुबाई पेठहून पहिल्यांदाच लेकीचा खेळ बघायला आली होती. त्याच लोकांत बसली होती.

मला मनातून उतरवू नकोस.
तुझी तृप्ती

मालेगाव,
१६ जानेवारी २०२५

चि. तृप्तीस वत्सलाआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तुझ्या काकांना दाखवलं नाही. ते गावभर पेढे वाटून बसलेत. रेषेचं एक वेळ समजू शकते, माणूस क्षणभर लोभावतो. पण चार वर्षं एका ताटात जेवलेल्या पोरीची टवाळी तू उभ्यानं ऐकलीस, हे मला गिळवत नाही.

मला लिहून मोकळी होऊ नकोस. फायनलच्या आधी कमिटीला लिही. मग पेठला जा, एकटी. माफी मिळेल असं धरून जाऊ नकोस.

रागावले आहे, पण माया आटलेली नाही.
आत्या

नाशिक रोड,
२ फेब्रुवारी २०२५

ती. वत्सलाआत्यास सा. न. वि. वि.

कमिटीला लिहिलं. पंचांचा निर्णय अंतिम, निकाल बदलत नाही, असं उत्तर आलं. आमच्या कोच हिरामण सरांनी कॅप्टनपद काढून घेतलं. फायनल जिंकलो. तेव्हापासून संघात माझ्याशी कोणी धड बोलत नाही.

काल पेठला गेले. ज्योत्स्ना घरी आली होती. रेषेचं सांगितलं, तर म्हणाली, मी समोरच होते, मला दिसलं होतं; तू सांगशील असं वाटलं म्हणून मी गप्प राहिले. मग हंडा उचलून पाण्याला गेली.

तानुबाईनं मला नागलीची भाकर वाढली. कोर्ट कुणाचं हे कसं ठरतं, असं विचारलं. विजय, फरक, सगळं समजावलं. तिनं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, की बाई, आमचा जिल्हा पण नाशिकच हाय ना? मंग माझी पोर तिथं पाव्हणी कशी झाली?

मी भाकर संपवली, ताट धुतलं. ज्योत्स्ना परत येईपर्यंत थांबायचं धैर्य झालं नाही. शेवटच्या एस.टी.ची वेळ झाली असं खोटंच सांगून निघाले. आणखी दोन होत्या.

तुझी माया आटू देऊ नकोस, एवढंच मागते.
तृप्ती